न्यूटोनियन दुर्बिणीचा स्पायडर बनवताना या चुका टाळा

स्पायडर म्हणजे दुय्यम (छोटा, तिरपा) आरसा नळीच्या मधोमध धरणारा ठोकळा आणि त्याला नळीशी जोडणारी चार पाती. इथली मापं 8 इंची, एफ/6 (फोकस अंतर मुख्य आरशाच्या व्यासाच्या सहापट) दुर्बिणीची आहेत: मुख्य आरसा 200 मिमी, लंबगोल दुय्यम आरशाचा लघुअक्ष (कमी रुंदी) 50 मिमी.

मजबुतीसाठी जाड पाती लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. 3 मिमीची चार पाती जवळपास 3 टक्के प्रकाश अडवतात, 0.8 मिमीची एक टक्क्याहून कमी. शिवाय पाती जाड तितक्या ताऱ्याभोवती दिसणाऱ्या प्रकाशरेषा, म्हणजे शलाका, ठळक. 25-30 मिमी रुंदीची पोलादी फूटपट्टी कापून उत्तम पाती होतात, मात्र ती काटेकोर कडेवर उभी हवीत. 30 मिमी रुंद पातं 2 अंश जरी कललं तरी समोरून 1 मिमी जादा जाड दिसतं. समोरासमोरची पाती समांतर नसली तर चाराच्या आठ शलाका दिसतात.

पातळ पाती ताणलेलीच हवीत. नळीबाहेरून एम4 बोल्ट आलटून पालटून आवळा. पुठ्ठ्याची नळी या ताणाने अंडाकृती होते, तिला प्लायवूडची कडी बसवा. चारही पाती नेमकी केंद्राकडे रोखली तर मधला ठोकळा पिळतो. म्हणून जोडीतली पाती समांतर ठेवून केंद्रापासून थोडी सरकवा. एक जोडी ठोकळ्याला घड्याळाच्या दिशेने ओढेल आणि दुसरी उलट, अशीच रचना हवी. नाहीतर ताण देताच ठोकळा फिरतो.

सगळ्यात महागात पडते ती दुय्यम आरसा ठोकळ्याला चिकटवण्यातली चूक. इपॉक्सीचा थर कडक होतो आणि थंडीत काच ओढतो. न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या) सिलिकॉनचे 10 मिमीचे तीन ठिपके द्या, थर 2 मिमी राहावा म्हणून मध्ये आगकाड्या ठेवा, 48 तासांनी त्या काढून टाका. ठोकळ्यापासून आरशाच्या पाठीपर्यंत एक सैलसर दोरा हवाच, कारण खाली मुख्य आरसा आहे.

दुय्यम आरशाचा कल जुळवणारे तीन स्क्रू ॲल्युमिनियममध्ये खळगे पाडतात आणि मग दर वेळी त्याच खळग्यात घसरतात. मध्ये पोलादी वॉशर घाला. दुय्यम आरसा मध्यापासून किंचित सरकवतात, तो ऑफसेट 2 मिमी: फोकसरपासून (नेत्रिका बसते त्या भागापासून) दूर आणि तितकाच मुख्य आरशाकडे. फोटो न काढता दुर्बिणीतून नुसतं डोळ्याने बघणाऱ्याने तो विसरला तरी फारसं बिघडत नाही.

फोकसच्या अलीकडे-पलीकडे तारा लंबगोल दिसतो, आणि लंबगोल 90 अंशात फिरतो? मुख्य आरसा थोडा फिरवा. लंबगोल सोबत फिरला तर दोष मुख्य आरशाचा. फिरला नाही, तर आधी डोकं तिरकं करून डोळ्याचा दोष वगळा. मग दुय्यम आरसा सोडवून पुन्हा चिकटवा. नळी क्षितिजावरून वर नेताना जुळवणी तपासायच्या लेझरचा ठिपका सरकत असेल, तर आधी मुख्य आरशाची बैठक तपासा. ती पक्की निघाली तर दोष बहुधा पात्यांच्या ताणात आहे.