प्राणिसंग्रहालयाला साहित्य देताना या चुका टाळा

पिंजऱ्यातील बिबट्या एकाच रेषेत तासन्‌तास येरझाऱ्या घालतो किंवा अस्वल सतत डोके हलवत राहते, याचे एक मोठे कारण म्हणजे जंगलात भक्ष्य शोधण्यात जाणारा त्यांचा वेळ तेथे रिकामा पडलेला असतो. हा वेळ भरण्यासाठी पोती, खोकी, ओंडके, दोर, निरनिराळे वास अशा साध्या गोष्टी वापरतात आणि त्यालाच एन्रिचमेंट म्हणतात. सांगली-सातारा भागातील शाळा, मंडळे किंवा कुटुंबे कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाला अथवा बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयाला असे साहित्य देऊ इच्छित असतील, तर ती वस्तू आपल्याकडे येण्यापूर्वी कोठे होती आणि कशासाठी वापरली गेली, हे आधी तपासावे. बहुतेक चुका तेथेच होतात.

सर्वांत गंभीर चूक गोठ्यातील वस्तू देण्याची आहे. लाळ्या खुरकताचा विषाणू जनावराच्या लाळेतून चारा, गव्हाणी, दावी, कपडे, चपला आणि गाडीच्या चाकांवरूनही दूर जाऊ शकतो आणि गाई-म्हशींप्रमाणेच हरणांना व गव्यांनाही तो गाठतो. जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातील १६ चितळे दगावली आणि तपासणीत लाळ्या खुरकताचे निदान झाले. त्यामुळे गोठ्यात रचलेला कडबा, वापरलेला कासरा किंवा जनावरांची वाहतूक केलेल्या टेम्पोतून नेलेले कोणतेही साहित्य, वरून कितीही स्वच्छ दिसत असले तरी, देऊ नये. धुऊन दिले म्हणजे भागले, असा समज येथे चालत नाही.

आपल्या भागातील दुसरी चूक द्राक्षबागेशी जोडलेली आहे. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात आणि माकडांना चढायला किंवा चघळायला त्या उपयोगी पडतील असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या काड्यांनी हंगामभर बोर्डो मिश्रणापासून कीटकनाशकांपर्यंत अनेक फवारण्या घेतलेल्या असतात. त्याऐवजी वड, पिंपळ किंवा उंबराच्या, फवारणी न झालेल्या जागेवरील ताज्या फांद्यांबद्दल विचारणा करावी. कण्हेरीची फांदी चुकूनही त्यात येऊ देऊ नये, कारण या झाडाचे सर्व भाग विषारी असतात.

बारदानाची मागणी होऊ शकते, कारण पोत्यात गवत भरून त्यात खाद्य लपवता येते. सांगलीच्या मार्केट यार्डात तागाची पोती सहज मिळतात आणि हळदीचा वास मागे राहिलेले पोते मार्जारकुळातील प्राण्यांना हुंगण्यासाठी आकर्षक ठरू शकते. मात्र साठवणुकीत कीड लागू नये म्हणून गोळ्या ठेवलेल्या मालाचे पोते घेऊ नये. त्या गोळ्यांची भुकटी विषारी असू शकते. व्यापाऱ्याला तसे स्पष्ट विचारावे. युरियाची विणीव प्लॅस्टिकची पोती तर नकोतच, कारण त्यांचे धागे सुटतात, गिळले जातात आणि आतड्यात अडकतात. हीच अडचण नायलॉनच्या दोराची आहे, शिवाय दोराचा सैल फास मान किंवा पाय अडकवू शकतो.

खोक्यांच्या पिना, चिकटपट्टी आणि चकचकीत छापील थर काढूनच ती द्यावीत. अंड्यांचे वापरलेले ट्रे देऊ नयेत, त्यांतून कोंबड्यांचे रोग पक्ष्यांपर्यंत पोहोचू शकतात. तारा बाहेर आलेले टायरही नकोत. अग्निशमन दलाने मोडीत काढलेला कापडी होज (पाणी मारण्याचा पाइप) मात्र, टोकाचे धातूचे जोड काढून, अवश्य सुचवावा. त्याचे विणलेले झोपाळे भक्कम असतात आणि माझ्या मते नव्या महागड्या खेळण्यापेक्षा ते अधिक उपयोगी आहेत.

साहित्य स्वतः कुंपणावरून आत टाकणे किंवा प्राण्याला हाताने खाऊ घालणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार गुन्हा आहे. आधी फोन किंवा पत्राने वस्तूंची यादी व छायाचित्रे पाठवावीत, पशुवैद्य आणि प्राणिपालक यांची संमती घ्यावी आणि मगच गाडी काढावी. सांगलीहून कात्रज सुमारे २३० किलोमीटर आहे आणि तेथील प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते.

साहित्य नाकारले गेले तर वाद न घालता नकाराचे कारण विचारून घ्यावे, म्हणजे पुढच्या वेळी योग्य वस्तू जमवता येते. स्वीकारलेली वस्तू लगेच पिंजऱ्यात दिसली नाही, तरी ती टाकून दिली असे समजू नये. तीच वस्तू रोज ठेवली तर प्राण्याचे कुतूहल संपते, म्हणून प्राणिपालक वस्तू आळीपाळीने काढतात आणि पुन्हा ठेवतात. आपल्याकडे जमलेले काहीच उपयोगी नसेल, तर प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे का, अथवा मजबूत चेंडूसारखी एखादी वस्तू त्यांच्या पसंतीने विकत घेऊन देता येईल का, हे कार्यालयात विचारावे.