नगरपरिषदेच्या सभेतल्या या चुका टाळा : नव्या नगरसेवकांसाठी

निवडून आल्यावर पहिल्या सर्वसाधारण सभेची नोटीस घरी येते तेव्हा बहुतेक नवे सदस्य तारीख आणि वेळ तेवढी पाहतात, पोचपावतीवर सही करतात आणि कागद बाजूला ठेवतात. सभेच्या दिवशी मग तयारी नसते, शेजारचा हात वर करतो म्हणून आपणही करतो आणि प्रभागातल्या लोकांनी चार महिन्यांनी विचारलं की सांगण्यासारखं काही हाती नसतं. हे टाळता येतं. सभा कशी चालते हे कळायला वकील असावं लागत नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्यातलं कलम ८१ शांतपणे दोनदा वाचलं तरी निम्म्या चुका थांबतात. मराठी प्रत सहज मिळते, ती घरी ठेवाच.

नोटीस वाचायची ती शेवटच्या पानापर्यंत

सर्वसाधारण सभेसाठी सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेसाठी तीन. घोळ होतो तो ‘पूर्ण’ या शब्दाशी. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही धरायचे नसतात. म्हणजे ३ तारखेला नोटीस हातात पडली आणि सभा १० तारखेला असेल, तर मधले दिवस सहाच भरतात; सभा ११ तारखेच्या आधी होऊ शकत नाही. म्हणून पोचपावतीवर सही करताना खाली तारीख आणि वेळ स्वतःच्या अक्षरात लिहा. शिपाई घाईत असतो, तुम्हालाही घाई असते, आणि पुढे सभाच वैध की अवैध असा वाद निघाला तर तेवढ्या दोन आकड्यांवर सगळं येऊन ठेपतं. मुदत कमी भरत असेल तर सभा सुरू होण्यापूर्वी मुख्याधिकाऱ्यांना लेखी हरकत द्या आणि त्या अर्जाची पोच घ्या. सभेत दोन तास बसून, मतदान करून, निकाल मनासारखा लागला नाही म्हणून नंतर नोटिशीचा मुद्दा काढला तर त्याला वजन राहत नाही.

नोटिशीसोबतची विषयपत्रिका हा खरा कागद. त्यात विषय एकेका ओळीत असतात: ‘शहरातील विविध विकासकामांना मंजुरी देणे’, ‘निविदांच्या दरांस मान्यता देणे’, ‘आलेल्या पत्रावर विचार करणे’. अशा ओळीवरून काहीच कळत नाही, त्यामागची कार्यालयीन टिपणी, म्हणजे प्रशासनानं त्या विषयाची माहिती लिहिलेला कागद, पाहावी लागते. पालिकेत सभेचं काम पाहणाऱ्या लिपिकाकडे जा, टिपण्या मागा, न मिळाल्या तर लेखी मागा. टिपणीत चार गोष्टी शोधा: खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे हिशेबातल्या कोणत्या सदरातून), त्या शीर्षात शिल्लक किती, अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी कुणी दिली, आणि जिथं काम व्हायचं ती जागा पालिकेची आहे का. या चौथ्या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सभामंडपाला मंजुरी मिळते, ठेकेदार सामान टाकतो आणि मग कळतं की सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच आहे.

ऐनवेळचे विषय

यावर जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण पालिकांच्या कारभाराला लागलेली ही जुनी कीड आहे.

नियम असा की नोटिशीत जो विषय नाही तो सभेत घ्यायचा नाही. त्याला पळवाट एकच, पीठासीन अधिकाऱ्यांची म्हणजे बहुतेक वेळा नगराध्यक्षांची परवानगी. विषयपत्रिकेच्या तळाशी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी ओळ असते, ती त्यासाठीच. पुरात पूल वाहून गेला, साथ आली, शासनाचं पत्र आलं आणि उत्तर चार दिवसांत द्यायचं आहे, अशा वेळी या तरतुदीचा उपयोग आहे आणि तो व्हायलाच हवा. पण सभा संपत आलेली, निम्मे सदस्य चहाला उठलेले, आणि त्या वेळी गाळ्यांच्या भाडेपट्ट्याचा किंवा मोठ्या निविदेचा विषय ‘ऐनवेळी’ आला तर समजावं की तो मुद्दाम मागं ठेवला होता. नोटीस काढताना तो विषय ठाऊक नव्हता असं कुणी म्हणत असेल, तर त्या कागदावरची आवक तारीख विचारा. पत्र महिनाभरापूर्वीचं निघालं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

अशा वेळी नवे सदस्य दोन टोकं गाठतात. एक तर गप्प बसतात, नाहीतर आरडाओरडा करून सभात्याग करतात. दोन्हीत ठराव मंजूर होतोच. उभं राहून एवढंच म्हणा: ‘हा विषय विषयपत्रिकेवर नाही, टिपणी मिळालेली नाही, यात आर्थिक बाब आहे; तो पुढच्या सभेपुढे ठेवावा अशी माझी सूचना आहे आणि ती इतिवृत्तात घ्यावी.’ इतिवृत्त म्हणजे सभेच्या कामकाजाची अधिकृत लेखी नोंद. अनुमोदनाला शेजारचा सदस्य आधीच तयार ठेवा. सूचना पडली तरी नोंद राहते, आणि पुढं जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची वेळ आली तर तीच कामाला येते. बेकायदा किंवा लोकांना अपाय करणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तिथं अर्ज करताना ‘आम्ही विरोध केला होता’ हे तोंडी सांगून भागत नाही.

विशेष सभेत तर ऐनवेळचा विषय घ्यायचाच नसतो. ज्या कामासाठी ती बोलावली तेवढंच काम. आणि ठराव होऊन तीन महिने झाले नसतील तर तो बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा विषय ऐनवेळी आणता येत नाही, अध्यक्षांनी परवानगी दिली तरीही नाही.

सभात्याग म्हणजे विरोध नव्हे

वर्तमानपत्रात फोटो येतो, ‘विरोधकांचा सभात्याग’ असा मथळा येतो. इतिवृत्तात मात्र त्याच विषयापुढे लिहिलेलं असतं: ‘उपस्थित सदस्यांच्या सर्वानुमते मंजूर.’ तुमचं नाव हजेरीत आहे, विरोधात कुठंच नाही. दहा वर्षांनी कुणी दप्तर उघडलं तर तुम्ही त्या ठरावाला हरकत घेतली होती याचा मागमूसही सापडणार नाही. बाहेर पडायचंच असेल तर मतदान झाल्यावर पडा.

मताची नावानिशी नोंद मागणं हा तुमचा हक्क आहे. ‘बाजूने आणि विरोधात मत देणाऱ्यांची नावं इतिवृत्तात घ्यावीत’ अशी मागणी एका सदस्यानं केली तरी पुरते. आपण एकटेच विरोधात आहोत म्हणून संकोच वाटू देऊ नका. महात्मा फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय सभेपुढे आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा अशी भूमिका घेऊन विरोधात मत देणारे ते एकटे होते. ठराव मंजूर झाला, तरीही ते एक मत आज आपल्याला माहीत आहे.

इथं एक सावधानता. पक्षानं पक्षादेश (व्हिप) काढला असेल तर त्याविरुद्ध मत देण्याआधी महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ पाहून घ्या. पूर्वपरवानगी न घेता आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलात आणि पक्षानं ते पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पटत नसेल तर गटनेत्याशी आधीच लेखी बोला.

ठरावाची भाषा

सभेत कितीही जोरदार बोला, अंमल होतो तो ठरावात उतरलेल्या शब्दांचा. हा नमुना पाहा, असे ठराव कुठल्याही पालिकेत शेकड्यानं सापडतील:

‘प्रभाग क्र. ४ मधील गटारांबाबत चर्चा होऊन आवश्यक ती कार्यवाही करणेत यावी, असे सर्वानुमते ठरले.’

यातून एक वीटही लागत नाही. कोणतं गटार, किती लांब, पैसा कुठला, कुणी करायचं, कधीपर्यंत, यातलं काहीच नाही. लेखापाल तरतूद दाखवू शकत नाही आणि अभियंता निविदा काढू शकत नाही. सहा महिन्यांनी विचारलं की ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येतं, आणि ठरावाच्या शब्दांत पाहिलं तर ते खोटंही नसतं. आता हाच विषय असा मांडा:

‘प्रभाग क्र. ४ मधील मारुती मंदिर ते प्राथमिक शाळा या रस्त्याच्या उत्तर बाजूस २१० मीटर लांबीचे बंदिस्त आरसीसी गटार बांधण्याच्या कामास, टिपणीसोबतच्या अंदाजपत्रकानुसार, नगरपरिषद निधीतील गटार बांधकाम या लेखाशीर्षातून खर्च करण्यास मंजुरी देण्यात येते. मुख्याधिकारी यांनी तीस दिवसांत निविदा प्रसिद्ध करावी व प्रगतीचा अहवाल पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.’

असा मसुदा घरूनच लिहून न्या. सूचक म्हणून तुमचं आणि अनुमोदक म्हणून दुसऱ्या सदस्याचं नाव घाला, प्रत लिपिकाच्या हातात द्या. दिवसभर वीस विषय टिपून घेणारा लिपिकही थकलेला असतो, तयार मसुदा मिळाला की तो बहुधा तसाच उतरवतो. दुसऱ्याच्या ठरावात काही बदल हवा असेल तर उपसूचनाही लेखीच द्या. ‘आमची सूचना विचारात घ्यावी’ असं तोंडी म्हटलं तर ती त्या दालनातच राहते.

इतिवृत्त कायम होताना झोपू नका

प्रत्येक सभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा असतो आणि तो अर्ध्या मिनिटात ‘मंजूर, मंजूर’ म्हणून उरकला जातो. एकदा ते कायम होऊन अध्यक्षांची सही झाली की सभेत जे घडलं त्याचा पुरावा म्हणजे तेवढाच. सभेत जो विषय तहकूब ठेवला होता तो इतिवृत्तात मंजूर झालेला दिसतो, रक्कम बदललेली असते, विरोध करणाऱ्याचं नाव गळलेलं असतं. हे सगळं होतं. काही पालिकांत आता सभेचं चित्रीकरण होतं, पण ते तुमच्या वहीची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक सभेत विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि निर्णय एवढं स्वतः टिपा. इतिवृत्ताची प्रत आधी मागून घ्या, फरक दिसला तर सभेपूर्वी लेखी दुरुस्ती द्या. त्या वेळी फक्त नोंद बरोबर आहे की नाही एवढंच बोलायचं असतं. जुन्या विषयावर पुन्हा चर्चा काढली की अध्यक्ष थांबवतात, आणि तिथं ते बरोबर असतात.

काही छोट्या पण महाग पडणाऱ्या गोष्टी. ज्या कामात किंवा ठेक्यात तुमचा, प्रत्यक्ष असो वा आडून, पैशाचा संबंध आहे त्या विषयावर बोलू नका, मत देऊ नका. मुळात असा संबंधच ठेवू नका, कारण त्यानं सदस्यत्व जातं. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यानंही जाऊ शकतं. सभेत कर्मचाऱ्याला उभं करून झापू नका, प्रशासनाचे प्रमुख मुख्याधिकारी आहेत, प्रश्न त्यांना विचारा. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्यांना चर्चेत भाग घेता येतो, मतदान करता येत नाही, तेव्हा हात मोजताना लक्ष ठेवा.

आणि हे मनापासून सांगायचं आहे: निम्म्या जागांवर महिला निवडून येतात, तरी सदस्या घरी किंवा गप्प आणि पतीराज सभागृहात बोलतात असं अजून घडतं. सदस्य नसलेल्या माणसाला तिथं बोलण्याचा काडीचाही अधिकार नाही. बाई, नोटीस तुमच्या नावानं आली आहे. पहिल्या सभेत एकच प्रश्न विचारा, लिहून नेलेला वाचला तरी चालेल. दुसऱ्या सभेत आवाज आपोआप मोकळा होतो.

मंजूर झालं म्हणजे झालं नाही

सगळ्यात मोठी चूक सभेनंतर होते. ठराव मंजूर झाला की सदस्य प्रभागात फलक लावतात आणि विषय डोक्यातून काढून टाकतात. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास इथं आठवावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्याला हात लावणं कुणाला शक्य झालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह ते पाणी प्यावं लागलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेनं आपला ठराव मागे घेतला. तळं खुलं ठेवण्याच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

तुमचा गटाराचा ठराव त्या तोलाचा नसेल, पण कागदावरून जमिनीवर येण्याची वाट त्याच्याही पुढे उभी आहे. सभेनंतर आठवड्याभरात ठरावाची साक्षांकित प्रत घ्या. महिन्यानं मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, त्यात ठराव क्रमांक आणि तारीख घाला, आवक शिक्का मारून प्रत जपा. काम हलत नसेल तर पुढच्या सभेसाठी ‘मागील ठरावांच्या अंमलबजावणीचा आढावा’ हा विषय नोटीस निघण्याआधीच लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर क्रमांक घेऊन येईल. सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी तरी व्हायला हवी. ती बोलावली जात नसेल तर एक चतुर्थांश सदस्यांनी सह्या करून विशेष सभेची मागणी करता येते. मागणीपत्रावर विषय स्पष्ट लिहा, कारण त्या सभेत त्याबाहेरचं काही घेता येणार नाही.