शेजारशेजारचे देश, एकच लांब प्रवास: व्हिसा आखताना या चुका टाळा

एकाच देशाच्या सहलीत व्हिसा चुकला तर ती एक सहल जाते. एकमेकांना लागून असलेले पाच-सहा देश ओळीने करताना मात्र तिसऱ्या देशातला घोळ चौथ्या-पाचव्या देशाचा व्हिसाही बुडवतो, कारण त्यांच्या तारखा आधीच छापून झालेल्या असतात. अर्ज नामंजूर होणं हे त्यामानाने साधं दुखणं, निदान घरबसल्या कळतं. सगळे व्हिसा हातात आहेत पण ते एकमेकांत बसत नाहीत, हे कळतं ते थेट सीमेवरच्या खिडकीत.

शेवटची तारीख म्हणजे मुक्कामाची मुदत, असं धरून चालणं

प्रत्येक व्हिसावर तीन वेगळ्या गोष्टी असतात: तो कधीपासून कधीपर्यंत वापरता येतो, आत किती दिवस राहता येतं, आणि किती वेळा आत जाता येतं. बहुतेक चुका या तिन्हींची सरमिसळ केल्याने होतात.

शेंगेनचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचं, पासपोर्टवर चिकटवलेलं स्टिकर समोर धरा. समजा त्यावर 10 मे ते 23 जून अशा तारखा आहेत, मुक्कामाचे दिवस 30 आणि एंट्री एक. तारखांमधलं अंतर 45 दिवसांचं आहे, म्हणून राहायलाही 45 दिवस मिळाले असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वरचे 15 दिवस विमान पुढेमागे झालं तर सोय म्हणून दिलेले असतात. 12 मे रोजी आत गेलात तर तिसावा दिवस 10 जून, त्या दिवसापर्यंत बाहेर पडायलाच हवं. उलट 1 जूनला आत गेलात तर 30 दिवस पुरे होण्याआधीच, 23 जूनला, व्हिसा संपतो. म्हणजे हातात 23 दिवसच. दोन्ही मर्यादांपैकी जी आधी येईल ती खरी. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

आता चीनचा व्हिसा पाहा. त्यावरची तारीख ‘या तारखेआधी प्रवेश करा’ अशा अर्थाची असते. त्या तारखेच्या आत शिरलात की मुक्कामाचे दिवस वेगळे सुरू होतात आणि ते छापील तारखेच्या पुढेही जाऊ शकतात. शेंगेनची सवय झालेला माणूस इथे विनाकारण लवकर निघतो आणि चीनची सवय झालेला शेंगेनमध्ये जास्त राहून बसतो.

तिसरा प्रकार उझबेकिस्तानच्या ई-व्हिसाचा. मुक्काम 30 दिवसांचा, पण व्हिसा मंजूर झाल्यापासून 90 दिवसांतच वापरायचा. जूनमध्ये पोहोचायचं म्हणून उत्साहाने जानेवारीत अर्ज टाकला, तर पोहोचेपर्यंत तो व्हिसा मेलेला असतो. ‘लवकर अर्ज केलेला बरा’ हा सल्ला सगळीकडे लागू पडत नाही.

बाहेर जाऊन आलो की मोजणी नव्याने सुरू, हा गैरसमज

शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवस, हा नियम सरकत्या खिडकीचा आहे. कोणत्याही दिवशी मागचे 180 दिवस मोजायचे, त्यात आजचाही दिवस धरायचा, आणि त्यांत आपण आत किती दिवस होतो ते पाहायचं.

उदाहरणार्थ, मल्टिपल एंट्री व्हिसावर 1 मार्च ते 14 एप्रिल असे 45 दिवस आत काढले. मग सर्बिया, बोस्निया, अल्बानिया करून 1 जुलैला परत आलात. मधे अडीच महिने बाहेर होतो म्हणजे 90 दिवस पुन्हा मिळाले असं वाटतं. पण 1 जुलैला मागची खिडकी 3 जानेवारीपर्यंत जाते आणि ते 45 दिवस तिच्यातच बसलेले असतात. उरतात 45, म्हणजे 14 ऑगस्टपर्यंत. मार्चमधला पहिला दिवस खिडकीतून गळतो तो 28 ऑगस्टला, मग रोज एकेक. तुम्हाला 14 ऑगस्टला बाहेर पडावंच लागतं आणि वाट बाहेर पाहावी लागते. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे. बोटांवर मोजण्याऐवजी तेच वापरा. शिवाय 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तेव्हा पुसट शिक्क्याच्या भरवशावर राहू नका.

देशांची यादीही जुनी वापरू नका. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे. रुमानिया आणि बल्गेरिया यांच्याशी जमिनीवरची तपासणी 1 जानेवारी 2025 पासून उठली. शेंगेनचे दिवस वाचवायला या तीन देशांत जाऊन राहण्याची जुनी युक्ती आता उलटी पडते. तिथला प्रत्येक दिवस 90 मध्येच धरला जातो.

सामाईक मोजणी फक्त युरोपातच असते असं नाही. ग्वाटेमाला, एल साल्व्हाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून 90 दिवस असतात. एकातून दुसऱ्यात गेल्याने घड्याळ शून्यावर येत नाही. आणि जिथे मोजणी देशापुरतीच आहे तिथेही ये-जा अमर्याद चालेल असं धरू नका. थायलंडमध्ये व्हिसामाफीवर जमिनीवरून एका कॅलेंडर वर्षात दोनदाच प्रवेश मिळतो.

एंट्री मोजताना नकाशा न पाहणं

सिंगल एंट्री म्हणजे एकदा बाहेर पडलं की व्हिसा संपला, मग दिवस कितीही उरलेले असोत. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आपण बाहेर पडणार आहोत हेच ठाऊक नसतं, घोडं पेंड खातं ते इथे.

क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोव्निकला किनाऱ्याने निघालात तर नेउम गावाजवळ बोस्नियाची अरुंद पट्टी आडवी येते. जुन्या रस्त्याने जाणारी बस त्या पट्टीतून जाते, म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत. सिंगल एंट्री असेल तर पट्टीच्या पलीकडच्या चौकीवर गाडी अडते. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाल्यापासून क्रोएशियातूनच सरळ जाता येतं, पण आपली बस पुलावरून जाते की नेउममधून, हे तिकीट काढतानाच विचारा. तसंच इटलीहून ग्रीसला. फेरीने थेट गेलात तर शेंगेनमधून शेंगेनमध्येच, पण वाटेत अल्बानिया करून गेलात तर दुसरी एंट्री लागते.

काही ठिकाणी राजकारणच दुसरी एंट्री लादतं. आर्मेनियाच्या तुर्किये आणि अझरबैजान या दोन्ही शेजाऱ्यांबरोबरच्या सीमा सर्वसामान्य प्रवाशांना बंद, त्यामुळे तुर्कियेतून जमिनीने आर्मेनियाला जायचं तर जॉर्जियातून जावं लागतं, आणि इराणकडे उतरायचं नसेल तर परतही जॉर्जियातूनच. जॉर्जियाचा व्हिसा लागत असेल तर तो दोन एंट्रीचा हवा. अझरबैजानने 2020 मध्ये जमिनीवरच्या सीमा प्रवाशांना बंद केल्या आणि ती मुदत पुन्हापुन्हा वाढवत नेली. ई-व्हिसा खिशात असला म्हणून रस्ता उघडत नाही. किरगिझस्तान-ताजिकिस्तान सीमा मे 2021 पासून मार्च 2025 पर्यंत अशीच बंद होती आणि त्या काळात ताजिकिस्तानातल्या पामीर पर्वतांच्या वाटेवरचे कित्येक आराखडे किरगिझस्तानातल्या ओश शहरात येऊन थांबले. नकाशावर रेषा ओढण्यापूर्वी ती चौकी उघडी आहे का, आणि आपल्या पासपोर्टच्या लोकांना उघडी आहे का, हे आधी पाहायचं.

पूर्व आफ्रिकेचा सामाईक पर्यटन व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्यात 90 दिवस हवं तसं फिरू देतो. मधेच टांझानियाला जाऊन आलात तर तो संपतो. टांझानिया करायचा असेल तर शेवटी ठेवा.

ई-व्हिसा कुठल्याही चौकीवर चालेल असं धरणं

लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम या तिन्ही देशांचे ई-व्हिसा नेमून दिलेल्या विमानतळांवर आणि ठरावीक चौक्यांवरच चालतात. डोंगरातली छोटी चौकी स्थानिकांना खुली असते, तुम्हाला नसते. व्हिएतनामच्या अर्जात तर कुठून आत येणार हे निवडावं लागतं. अर्जात हनोईचा विमानतळ आणि प्रत्यक्षात लाओसकडून बस, असं करू नका. चौकीचं नाव आधी नक्की करा, मग अर्ज भरा.

रात्रीच्या बस आणि गाड्यांचा वेगळाच घोळ. व्हिसा 8 तारखेपासून आहे आणि 8 च्या पहाटे उतरणारी गाडी धरली, तरी ती सीमा ओलांडते 7 च्या रात्री साडेअकराला. उलट बाजूने, मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी निघालेली गाडी चौकीवर पोहोचते रात्री साडेबाराला. तारीख बदलली, एक दिवस जास्त झाला. तिकिटावर सुटायची आणि पोहोचायची वेळ असते, सीमेची नसते. दोन्ही बाजूंना निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

सगळे व्हिसा घरूनच मिळतील किंवा सगळे वाटेत मिळतील, असं समजणं

शेंगेनचा अर्ज तिथल्या प्रवासाच्या फार तर सहा महिने आणि निदान 15 दिवस आधी करता येतो, आणि तो साधारणपणे आपण कायदेशीर वास्तव्य करतो त्या देशातूनच द्यावा लागतो. आठ महिन्यांच्या प्रवासाच्या शेवटी युरोप ठेवला तर घरून निघताना अर्जाची मुदत सुरूच झालेली नसते आणि वाटेतली वकिलात ‘तुम्ही इथले रहिवासी नाही’ म्हणून परत पाठवू शकते. म्हणून असे देश प्रवासाच्या पहिल्या भागात घ्या आणि ई-व्हिसाचे किंवा व्हिसामाफीचे देश शेवटी. अर्ज देताना मुक्काम सर्वांत जास्त असलेल्या देशाची वकिलात निवडा. दिवस सारखेच असतील तर जिथून आधी शिरणार तिची.

दुसरं, पासपोर्ट एकच असतो. तो एका वकिलातीत पडून असताना दुसरीकडे स्टिकर लागत नाही. तीन वकिलातींचे प्रत्येकी 15 दिवस धरले तर सलग दीड महिना, तोही काही अडलं नाही तर. स्टिकरचे व्हिसा आधी एकापाठोपाठ उरका. ई-व्हिसाला बहुधा स्कॅन पुरतो, ते मधल्या वेळात होतात.

पासपोर्टची मुदत प्रवास सुरू होताना नव्हे, शेवटच्या देशात शिरताना किती उरते ते मोजा. पुष्कळ देश सहा महिने मागतात. शेंगेनला बाहेर पडल्यानंतर तीन महिने लागतात, दोन कोरी पानं लागतात आणि पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला असावा लागतो. एक स्टिकर बहुधा एक पान खातं, शिक्के वेगळे.

व्हिसा आहे, तरी अडवलं

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस: जोखमीच्या देशातून पुढे जाताना दाखला मागतात. युगांडातून टांझानियाला जाताना लागतो. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात घेतलेली लस पहिल्या सीमेवर उपयोगाची नाही. जुलै 2016 पासून तो आयुष्यभर चालतो, जुन्या दाखल्यावर 10 वर्षं लिहिलेली असली तरी.

परवाने: ताजिकिस्तानच्या व्हिसावर पामीरमध्ये जाता येत नाही, गोर्नो-बदख्शानचा, म्हणजे पामीर ज्या प्रांतात येतो त्याचा, परवाना वेगळा लागतो. ई-व्हिसाच्या अर्जातच तो मागता येतो, फक्त ती चौकट निवडायला विसरू नका.

जुने शिक्के: रशियाच्या बाजूने अबखाझियात, म्हणजे जॉर्जियापासून फुटलेल्या पण जॉर्जिया आपलाच मानतो अशा प्रदेशात, शिरलेला प्रवासी जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. पुढे जॉर्जिया करायचा असेल तर तो नाद सोडा.

विमान कंपनी: परतीचं किंवा पुढचं तिकीट नसेल तर काउंटरवरच थांबवतात. पुढे बसने जाणार आहोत हे सांगून भागत नाही. पैसे परत मिळणारं तिकीट किंवा सीमापार बसचं खरं आरक्षण ठेवा. बनावट आरक्षणावर तपासणीत पकडलं गेलं की पुढच्या सगळ्या अर्जांवर डाग.

बिघडलंच तर

स्टिकर हातात पडताच, खिडकीतून हलण्याआधी, नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, दिवस, एंट्री अशा क्रमाने वाचा. चूक असेल तर तिथेच परत द्या. ई-व्हिसात क्रमांकातला शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल, किंवा महिना आधी की दिवस आधी यातला गोंधळ नेहमीचा. मंजूर झाल्यावर दुरुस्ती बहुधा होत नाही, नवा अर्ज आणि नवं शुल्क. नाव पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींत जसं आहे तसंच टाका.

एखादा व्हिसा लांबला तर पुढच्या तारखा ढकलण्यापेक्षा ज्या देशात मुदत लवचीक आहे तिथले दिवस कमीजास्त करा. यासाठीच आखणी करताना पक्क्या तारखांच्या दोन देशांमध्ये एक सैल देश घालावा. निदान चार-पाच दिवसांची फट तरी ठेवावी.

मुदत संपत आली असेल तर संपण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात जा. ‘सीमेवर दंड भरू’ हा हिशेब महागात पडतो. थायलंडमध्ये दिवसाला 500 बाट, कमाल 20,000 एवढाच दंड दिसतो, पण 90 दिवसांहून जास्त राहिलात तर पुढची बंदीही येते.

आणि एका देशाचा बाहेर पडल्याचा शिक्का बसल्यावर पुढच्या देशाने आत घेतलं नाही, तर तिथे वाद घालत वेळ घालवू नका. नकाराचं कारण लेखी मागा आणि लगेच मागच्या चौकीवर जाऊन तो शिक्का रद्द करून मिळेल का ते विचारा. पुढच्या देशाचा शिक्का बसलेला नसेल तर अनेकदा तो रद्द होतो, आणि सिंगल एंट्री वाचते.