क्रमशः लिहिताना : समलिंगी प्रेमकथेची ऑनलाइन मालिका आणि या चुका टाळा

मराठी वाचकाला 'क्रमशः' हा शब्द नवा नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने वाचकांच्या हाती दिल्या, त्यालाही आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. तेव्हाचा वाचक आठवडाभर थांबत असे. आजचा वाचक भाग आल्यानंतर दहा मिनिटांत 'पुढचा भाग कधी?' असे विचारतो. समलिंगी प्रेमकथेच्या बाबतीत ही उत्सुकता अधिकच तीव्र असते, कारण मराठीत असे वाचायला मुळात कमी मिळते आणि जे मिळते त्याबद्दल घरात, कट्ट्यावर किंवा कार्यालयात कोणाशी बोलता येईलच असे नसते. मी आजवर अशा तीन मालिका लिहिल्या. पहिली अर्धवट राहिली, दुसरी कशीबशी संपली आणि तिसरी बऱ्यापैकी मनासारखी झाली. पुढच्या बहुतेक चुका पहिल्या दोन मालिकांत मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिला भाग लिहिल्या लिहिल्या प्रसिद्ध करणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पहिल्या भागाला जो प्रतिसाद मिळतो त्याच्या धुंदीत दुसरा आणि तिसरा भाग लिहून होतो. चौथ्या भागाला कथेत पुढे काय घडणार हे आपल्यालाच ठाऊक नसल्याचे लक्षात येते, आणि मग अपघात, अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन किंवा दारात अचानक उभा राहिलेला जुना प्रियकर यांपैकी कोणाला तरी बोलवावे लागते. माझ्या पहिल्या मालिकेत नायकाचे वडील तिसऱ्या भागात वारले होते आणि नवव्या भागात त्यांनी सांगलीहून फोन केला. वाचकांनी ते अर्थातच पकडले. छापील कादंबरीत हस्तलिखित फिरवता येते, पण मालिकेत वाचून झालेला भाग वाचकाच्या स्मरणात पक्का बसलेला असतो; तो मागाहून बदलला तरी वाचकाच्या डोक्यातला बदलत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. किमान सहा भाग लिहून तयार असल्याशिवाय पहिला भाग प्रसिद्ध करू नये, शेवट काय होणार हे एका वाक्यात लिहून ठेवावे, आणि एका वहीत प्रत्येक पात्राचे वय, गाव, नातेवाईक, नोकरी आणि त्याच्याबद्दल कोणाला काय ठाऊक आहे याची नोंद करावी. यातली शेवटची नोंद अशा कथेत विशेष महत्त्वाची असते, कारण बहिणीला माहीत आहे पण आईला नाही, कार्यालयातल्या एकालाच सांगितलेले आहे, अशा गोष्टींवरच निम्मे कथानक उभे असते. भाग साधारण दीड हजार शब्दांचा आणि ठरलेल्या वारी यावा. रोज एक भाग देण्याचे आश्वासन कधीही देऊ नये.

कोणता 'तो'?

स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत मराठी भाषा लेखकाचे अर्धे काम स्वतःच करते. 'त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले' या वाक्यात कोणाचे काय हे विचारावे लागत नाही. दोन पुरुषांच्या कथेत मात्र 'त्याने त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले' असे लिहिले की रडले कोण, याचा पत्ता वाचकाला लागत नाही. क्रियापदाचे रूपही दोघांसाठी एकच असल्यामुळे तिकडूनही मदत मिळत नाही. अनुभवी लेखकसुद्धा इथे अडखळतात. त्यांपैकी काहीजण मग 'उंच तरुण', 'गोरा मुलगा', 'सावळ्या प्रियकराने' अशी विशेषणे सर्वनामांच्या जागी बसवू लागतात. हे टाळावे. तीन वर्षे एकमेकांसोबत राहिलेल्या माणसांपैकी एकाला दुसऱ्याच्या नजरेतून 'उंच तरुण' म्हणणे मराठीत हास्यास्पद वाटते.

उपाय आपल्या भाषेतच आहेत. 'आपला' हा शब्द कर्त्याकडेच जातो. 'समीरने आपला हात पुढे केला' या वाक्यातला हात समीरखेरीज दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. 'हा' आणि 'तो' यांतील जवळ-दूरचा भेदही उपयोगी पडतो. ज्याच्या मनातून प्रसंग सांगितला जात आहे तो 'हा' आणि समोरचा 'तो', ही गप्पांमधली रीत लिखाणातही चालते, मात्र ती प्रसंगभर सांभाळावी लागते. पुष्कळ ठिकाणी सर्वनाम गाळलेलेच बरे, कारण 'हात हातात घेतला' एवढे पुरेसे असते. नाव पुन्हा पुन्हा आले तर कानाला खटकेल अशी भीती वाटते, पण मराठी वाचक नावाची पुनरुक्ती आपल्याला वाटते त्याहून खूप अधिक सहज सोसतो. प्रथमपुरुषी निवेदनाने हा प्रश्न मुळातूनच सुटतो. त्याची किंमत मात्र अशी की दुसऱ्याच्या मनात कधीच शिरता येत नाही, आणि वीस भागांनंतर ते जाचक होते. नावे ठरवताना समीर आणि सुमित अशी जोडी निवडू नये, हे सांगायला नको. तरी मी ती एकदा निवडली होती.

'तुम्ही' कधी 'तू' होते

संबोधनाकडे दुर्लक्ष करणे ही चूक वरवर लहान दिसते, परंतु मराठीत प्रेमाची प्रगती संबोधनातूनच कळते. एकजण चाळीस वर्षांचा आणि दुसरा अठ्ठावीसचा असेल, ओळख कार्यालयातली असेल, तर सुरुवात 'सर' आणि 'तुम्ही' यांनीच होणार. पहिल्याच भेटीत दोघे 'तू' वर आले तर वाचकाला ते खोटे वाटते, आणि लेखकाने एक उत्तम प्रसंगही हातचा घालवलेला असतो. ज्या भागात धाकट्याच्या तोंडून चुकून 'तू' निघते तो भाग चुंबनाच्या भागापेक्षा जास्त लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे. त्याच धाकट्याला थोरल्याच्या घरी जेवायला गेल्यावर त्याच्या आईसमोर 'दादा' म्हणावे लागणे, आणि नंतर जिन्यात त्यावरून दोघांना हसू अनावर होणे, हे मराठी घरातच घडू शकते. कोल्हापूरच्या मित्रमंडळीत सगळेच एकमेकांना 'भावा' म्हणतात; तिथे प्रियकराला चारचौघांत 'भावा' म्हणण्यात लपण्याची सोय आहे आणि एक बारीक दुखणेही आहे. परभाषेतील मालिका पाहून घेतलेले 'बेबी' आणि 'जान' बहुतेक पात्रांच्या तोंडी बसत नाहीत. एखाद्याच्या तोंडी ते शोभत असेल तर तेही जरूर येऊ द्यावे.

'त्या' प्रसंगाची मागणी

सातव्या-आठव्या भागापर्यंत वाचक शरीरसंबंधाचा प्रसंग मागू लागतात, आणि लेखक तो मागणीखातर लिहितो. अडचण इथे आहे की आपल्याकडे शरीराविषयीचे शब्द एकतर जीवशास्त्राच्या पुस्तकातले आहेत किंवा शिवीतले. पहिले वापरले की प्रसंग थंड पडतो, आणि दुसरे वापरले की पात्राच्या तोंडी भलताच माणूस बोलू लागतो. ज्या अवयवांना मराठीत घरगुती, प्रेमळ नावे आहेत त्यांच्यावर भर द्यावा : मान, मनगट, कानाची पाळी, पाठीचा कणा, कपाळावरचा घाम. उरलेले वाचक स्वतःच पूर्ण करतो. प्रसंगाने दोघांच्या नात्यात काही बदलले नाही तर तो काढून टाकावा, आणि असा भाग प्रौढांसाठी असल्याचे सुरुवातीलाच सांगावे.

वयाबाबत मात्र कोणतीही तडजोड नको. अकरावी-बारावीच्या वर्गातली प्रेमकथा लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, कारण स्वतःच्या आठवणी तिथल्याच असतात. परंतु ही पात्रे अठरा वर्षांखालची असतात. त्यांच्याबाबत कोणताही लैंगिक प्रसंग लिहिणे अनुचित तर आहेच, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी मध्ये बालकांचे अश्लील चित्रण करणारा मजकूरही येतो. चित्रच असले पाहिजे असे नाही.

कथा कोणत्या वर्षी घडते?

अनेक मालिकांत वर्षच नसते, आणि त्यामुळे पात्रांची भीती कुठून येते हे कळत नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू नाही, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २ जुलै २००९ रोजी आला, सर्वोच्च न्यायालयाने तो ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीने झालेल्या संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. म्हणजे २०१४ मध्ये खंडणी मागणाऱ्या माणसाच्या हातात जे हत्यार आहे ते २०१९ मध्ये त्याच्या हातात त्या रूपात नाही. तेव्हा तो 'पोलिसांना सांगेन' असे न म्हणता 'तुझ्या वडिलांना सांगेन' असे म्हणेल. दुसऱ्या मालिकेत मी २०२२ सालच्या नायकाला कलम ३७७ खाली अटकेची धमकी दिली होती. एका वाचकाने अतिशय सभ्य भाषेत माझी चूक दाखवून दिली.

गोड शेवटाचेही असेच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे पुण्यातल्या दोघांचे नोंदणी विवाह कार्यालयात लग्न लावून देता येत नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्यातही त्यांना जागा नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि त्या खात्यातील रकमेसाठी एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतेही बंधन नसल्याचे स्पष्ट केले. बँकेच्या काउंटरवर अर्जातील 'नाते' या रकान्यात काय लिहायचे म्हणून दोघांनी थबकणे, हा शेवट मला मंगलाष्टकांपेक्षा खरा वाटतो.

बायको नावाचे पात्र

आपल्याकडच्या कथांत एक नायक हमखास विवाहित असतो, कारण वास्तवातही तसे पुष्कळ घडते. त्याची बायको मग संशयी, भांडखोर आणि नवऱ्याचा फोन तपासणारी दाखवली जाते, म्हणजे नायकाबद्दल सहानुभूती वाटावी. हा अन्याय आहे. तिला कोणी काही सांगितलेले नाही; फसवणूक झाली आहे ती तिची. तिच्या नजरेतून एक भाग लिहून पाहावा, तो प्रसिद्ध केला नाही तरी चालेल. दोघांपैकी एकाला 'बायकी' करून विनोदासाठी वापरणे आणि समलिंगी पुरुष व पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती यांची गल्लत करणे, या दोन चुका अजूनही दिसतात. त्यांवर अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

उत्सुक वाचक

वाचकांचा कौल घेऊन कथा वळवू नये. बोलणारे वाचक वीस-पंचवीस असतात. न बोलता वाचणारे त्यांच्या कितीतरी पट असतात. या न बोलणाऱ्यांचा विचार शीर्षकातही करावा, कारण नवा भाग आल्याची सूचना फोनच्या पडद्यावर झळकते, आणि तो फोन त्या क्षणी आईच्या किंवा बायकोच्या हातात असू शकतो. भडक शीर्षक आणि उघड्या छातीचे मुखपृष्ठ यांमुळे वाचक वाढतात असे सांगितले जाते. माझ्या तिसऱ्या मालिकेचे नाव एका पावसाळी घाटावरून घेतले होते आणि वाचक कमी झाले नाहीत.

काही वाचक स्वतःची सारी हकिगत लिहून पाठवतात. तिच्यातले गाव, नोकरी आणि घरातला प्रसंग जसाच्या तसा पुढच्या भागात वापरणे हा विश्वासघात आहे, नाव बदलले तरीही, कारण लहान गावात एवढ्या खुणा पुरेशा असतात. विचारून, परवानगी घेऊन आणि खुणा पुसूनच असे काही वापरावे. एखाद्याच्या पत्रात जीव देण्याची भाषा दिसली तर कथेचे काम बाजूला ठेवून त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक कळवावा.

थांबायची वेळ आली तर खोटे आजारपण सांगू नये. कधी परत येणार ते सांगावे, आणि येणारच नसू तर मनात असलेला शेवट दोन परिच्छेदांत लिहून टाकावा. वाचक रागावतात, पण त्यांची सुटका होते. तेवढेही जमले नाही तर निदान शेवटच्या भागाखालचा 'क्रमशः' काढून टाकावा. माझ्या पहिल्या मालिकेच्या अकराव्या भागाखाली तो सहा वर्षे तसाच होता, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवा वाचक तिथे येऊन पुढचा भाग कधी, असे विचारत असे.