जुन्या टोपोशीटवरची माहिती जीपीएसशी जुळवायची कशी

जुनी १:५०,००० टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा छापील नकाशा, उपग्रहचित्रावर ठेवली की रस्ते, विहिरी, देवळं सगळं आग्नेयेला सरकलेलं दिसतं. पुण्याच्या ४७ एफ/१४ शीटवर हा फरक सुमारे १३० मीटर भरतो. मग शीट माउसने ओढून 'बसवायचा' सल्ला मिळतो. तो ऐकू नका. दोष स्कॅनचा नाही, डेटमचा आहे, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार आणि केंद्र धरलं त्याचा. खालच्या पायऱ्या क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरसाठी आहेत.

१. शीटचा समास वाचा. ओपन सिरीजची, म्हणजे नव्या मालिकेची, शीट (पुण्याकडे क्रमांक ई४३ असा सुरू होतो) आधीच डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएसच्याच डेटमवर, असते. तिला डेटम बदलायची पायरी ३ लागू नाही.

२. जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅनला अक्षांश-रेखांश देणारं साधन) चार कोपऱ्यांवर भागवू नका. पाच-पाच मिनिटांच्या रेघा जिथे छेदतात ते सोळाही बिंदू द्या, पॉलिनॉमियल २ निवडा. कागद आकसलेला असतो आणि जुन्या शीटच्या पॉलिकॉनिक प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) अक्षांशाच्या रेघा किंचित वाकड्या असतात.

३. खरी गोची इथे आहे. बिंदूंचे अक्षांश-रेखांश छापील शीटवरून घेतले, म्हणजे ते एव्हरेस्टचे, जुन्या भारतीय डेटमचे, आहेत. टार्गेट सीआरएस (निर्देशांक पद्धती) ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, ठेवलात की तिथेच १३० मीटर गेले. कल्याणपूर १९७५, म्हणजे ईपीएसजी यादीतला क्रमांक ४१४६ द्या. यादीत कल्याणपूर १९३७ आणि १९६२ सुद्धा दिसतील. पहिलं मुख्यतः बांगलादेशासाठी, दुसरं पाकिस्तानसाठी. नाव ओळखीचं वाटलं म्हणून क्लिक करू नका.

आता याच सीआरएसमध्ये डिजिटायझिंग करा (रस्ते, विहिरी रेखून घ्या) आणि मगच लेयर डब्ल्यूजीएस ८४ वर न्या. 'सेट लेयर सीआरएस' वापरून नव्हे! त्याने आकडे तसेच राहतात, फक्त पाटी बदलते. फुटांत मोजलेल्या भिंतीपुढे 'मीटर' लिहिण्यातला प्रकार. 'रीप्रोजेक्ट लेयर' वापरा, त्यात कोऑर्डिनेट ऑपरेशन उघडून बघा. २९५, ७३६, २५७ हे तीन आकडे असलेलं ऑपरेशन हवं. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेल्या एक्स, वाय, झेडमध्ये तेवढे मीटर मिळवायचे असतात. तिथे 'बॉलपार्क' शब्द दिसला तर थांबा: डेटमचा फरक शून्य धरला जाणार आहे, आणि लाल अक्षरांत चूक वगैरे काही येणार नाही. लेयर निमूटपणे चुकीच्या जागी बसेल.

ऑपरेशन बरोबर असलं तरी त्याची अचूकता साधारण २२ मीटर. गावनकाशाला चालेल, बांधाच्या भांडणाला अजिबात नाही.

४. आउटपुट यूटीएम (सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत मीटरने मोजणारी पद्धत): ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ३२६४३, पूर्वेला ३२६४४. महाराष्ट्र दोन्हींत विभागलेला आहे. अमरावती पट्टा ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. नागपूरचे आकडे ४३ मध्ये टाकलेत तर ते बरोबर सहा अंश पश्चिमेला, गुजरातेत बारडोलीजवळ उतरतात.

५. बिंदूंची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) घेताना एक्स म्हणजे रेखांश. उलटं झालं की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडतं. ही चूक निदान लपत तरी नाही.

६. पडताळणीला चार-पाच जागा जीपीएसने मोजा: जुनं देऊळ, दगडी पूल, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा खांब. नदीचा काठ नको, तो शीट छापल्यापासून सरकलेला असतो. सगळे फरक एकाच दिशेला आणि जवळपास सारखे असतील तर तेवढं अंतर 'ट्रान्सलेट'ने सरकवा. इथे सरकवणं योग्य, कारण किती सरकवायचं ते मोजलेलं आहे. फरक चहूदिशांना पसरलेले असतील तर पायरी २ वर परत जा.

क्षेत्रफळ यूटीएममध्येच काढा. वेब मर्केटरच्या (वेबवरच्या नकाशांचं प्रोजेक्शन), म्हणजे ३८५७ च्या, सपाट मापाने आपल्याकडचा ४० गुंठ्यांचा एकर चव्वेचाळीस गुंठ्यांच्या वर जातो.