कौटुंबिक हिंसेतली मदत सेवा सुधारायची, तर तरुण मुलांना सोबत कसं घ्यावं

हिंसाचाराच्या घरातून आलेली मुलं मदत केंद्रात बहुधा आईबरोबर येतात. फॉर्म आईच्या नावाचा, समुपदेशन आईचं, आणि मूल बाहेर बाकावर. बाकावरून ते केंद्र कसं दिसतं, हे फक्त तेच सांगू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावं असंही सांगतं.

१. सेवा कशी सुधारावी हे सांगायला मुलांचा गट बोलावण्याआधी आपल्या हातात काय आहे ते ठरवा. केंद्राच्या वेळा, पहिल्या फोनवरचं बोलणं, फॉर्ममधले प्रश्न, चॅटची सोय हे बदलता येतं. निधी किंवा कायदा आपल्या हातात नसेल, तर तसं आधीच सांगा. काहीच बदलायची तयारी नसेल तर हा खटाटोप करू नका.

२. ज्यांना आजही घरात धोका आहे, त्यांना गटात ओढू नका. त्यांना आधी मदत हवी. सुरक्षित होऊन काही काळ लोटलेली, गरज पडल्यास ज्यांच्या पाठीशी समुपदेशक असेल, अशी मुलं निवडा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते का, हे कायद्याच्या जाणकाराला विचारा. ज्याच्या हातून हिंसा झाली, त्याच पालकाच्या हातात संमतीचा कागद पडला तर काय होईल, याचा विचार त्याआधी करा.

३. सगळ्यात जास्त वेळ सुरक्षिततेला द्या. मुलाचा फोन घरात दुसरं कोणी बघत असू शकतं. म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारा: कुठल्या नंबरवर, किती वाजता फोन करू? मेसेज ठेवला तर चालेल का? ग्रुपचं नाव असं ठेवा की पाहणाऱ्याला काही कळू नये. फोटो नकोत, खरी नावं अहवालात नकोत. गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच दिवशी सांगा: कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर आम्हाला ते पुढे कळवावं लागेल. हे नंतर सांगितलं तर मुलांना तो विश्वासघात वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही.

४. घरात काय घडलं, हे विचारू नका. सेवेबद्दल विचारा. ‘फोन ठेवावासा कधी वाटला?’ या प्रश्नाला कामाचं उत्तर मिळतं. प्रत्यक्ष काम दिलं तर त्याहून बरं: हेल्पलाइनवरचं पहिलं वाक्य नव्याने लिहिणं, माहितीपत्रकातले बोजड शब्द खोडणं, नव्या समुपदेशकाच्या मुलाखतीला बसणं. कधीही, कारण न देता, बाहेर पडायची मुभा ठेवा.

५. प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला द्या. बाकीच्या सल्लागारांना देताच की.

६. उत्तर द्या. अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये मुलांच्या सहभागाचे चार भाग मांडले: अवकाश (म्हणजे मत मांडायला सुरक्षित जागा), आवाज, श्रोते आणि प्रभाव. माझ्या मते गाडी अडते ती तिसऱ्यावर. मुलं बोलतात, पण निर्णय घेणारा माणूस खोलीतच नसतो. ज्याच्या सहीने बदल होतो, त्याला बैठकीला बसवा. ठरलेल्या मुदतीत मुलांना लेखी कळवा की कोणती सूचना घेतली, कोणती नाही, आणि का नाही. ज्यांच्या घरी कागद किंवा मेसेज पाठवणं धोक्याचं आहे, त्यांना तेच केंद्रात बोलावून वाचून दाखवा.