अमेरिकेतल्या टॉप कॉलेजचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

माझ्या मुलीच्या वेळी आमचं घोडं कुठे अडलं माहितीये? नावावर. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग बाबांचं, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर तिचं आणि बाबांचं नाव मिळून एक आणि आडनाव वेगळं. आणि सॅटला (अमेरिकन कॉलेजांची प्रवेश परीक्षा) रजिस्टर करताना बाईसाहेबांनी नुसतं नाव-आडनाव टाकलेलं. कॉलेजच्या पोर्टलवर कितीतरी दिवस 'सॅट स्कोअर मिळालेला नाही' असं लाल अक्षरात दिसत होतं आणि घरात कोणाला जेवण जात नव्हतं. त्यामुळे पहिली गोष्ट, पासपोर्टवर आहे तेच नाव, तेच स्पेलिंग सगळीकडे, म्हणजे सॅट, कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म), टोफेल (इंग्लिशची परीक्षा), फायनान्शियल एडचा, म्हणजे आर्थिक मदतीचा फॉर्म, सगळीकडे. ईमेल आयडी पण एकच ठेवा. घोळ आधीच झाला असेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला साधी मेल टाका, दोन्ही नावं, जन्मतारीख आणि अ‍ॅप्लिकेशन नंबर देऊन. रोज हजारो असल्या मेल येतात त्यांना, कोणी रागावत नाही.

त्यानंतर तीन वर्षांत ओळखीतल्या सात-आठ पोरांचे फॉर्म बघितले, आणि खरं सांगते, हुशारी कमी पडली म्हणून अडलेलं एकही नव्हतं. चुका सगळ्यांच्या त्याच त्याच.

अकरावीचं कोण बघतं?

अमेरिकेतले बघतात! आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती, त्यात इंटिग्रेटेड (कॉलेज आणि कोचिंग एकत्र) क्लास लावला असेल तर कॉलेजचं तोंड फक्त परीक्षेला बघायचं, आणि मार्क कसेबसे साठ-पासष्ट. तिकडे नववी ते बारावी चारही वर्षांचं ट्रान्स्क्रिप्ट (मार्कांचा अधिकृत दाखला) मागतात. म्हणजे नववी-दहावी शाळेकडून, अकरावी आणि बारावीची सहामाही ज्युनियर कॉलेजकडून, दोन ठिकाणचे शिक्के, दोन ठिकाणचे क्लार्क. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद असतं हे कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीची डेडलाइन बहुतेक ठिकाणी असते १ नोव्हेंबर. ऑगस्टमध्येच अर्ज देऊन ठेवा. अकरावीचे मार्क पडलेले असतील तर ते आता बदलत नाहीत, पण कारण खरंच काही असेल, आजारपण, घरातली अडचण, तर 'अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन'मध्ये चार वाक्यांत सांगा. रडगाणं नको. आणि टक्क्यांचं जीपीए (तिकडचे ग्रेड पॉइंट) स्वतःच्या मनाने करू नका, मार्कशीटवर आहे तसंच टाका, त्यांना बोर्ड कळतात.

शिफारसपत्र

इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. दोन शिक्षक आणि एक काउन्सेलर (विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा शाळेतला माणूस) लागतो. ज्युनियर कॉलेजात काउन्सेलर नसतोच, मग प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपल ते काम करू शकतात. पण सरांना वेळ नसतो आणि सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. मग पोरगा स्वतःच सरांच्या नावाने जीमेल काढतो आणि स्वतःच अपलोड करतो. करू नका हो असं! हा सरळ सरळ फ्रॉड आहे, पकडला तर अर्ज बाद, आणि तिन्ही पत्रांत तीच इंग्लिश, तेच 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' दिसलं की वाचणाऱ्याला कळतंच. त्यापेक्षा सरांना एक पानभर मुद्दे द्या. कुठलं प्रोजेक्ट केलं, कुठे अडला, वर्गात कुठला प्रश्न विचारला होता. पत्र त्यांच्या शब्दांत, साध्या इंग्लिशमध्ये असलं तरी चालतं. आणि क्लासच्या सरांचं नाही, जिथे हजेरी लागते तिथल्याच शिक्षकांचं. आता हजेरीच लावली नसेल तर सर तरी काय लिहिणार म्हणा.

काउन्सेलरने एक स्कूल प्रोफाइलही जोडायचं असतं. कॉलेजात विद्यार्थी किती, बोर्ड कुठलं, टॉपरला किती मार्क पडतात, असं पानभर. हे नसेल तर स्टेट बोर्डाचे ८४ टक्के तिकडच्या माणसाला किती भारी आहेत ते कसं कळणार? बऱ्याच कॉलेजांनी हे कधी केलेलंच नसतं, तेव्हा जाऊन नीट समजावून सांगा.

अ‍ॅक्टिव्हिटी लिस्ट

कॉमन अ‍ॅपमध्ये दहा जागा, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० कॅरेक्टर. शब्द नाही, कॅरेक्टर. दहाच्या दहा भरल्याच पाहिजेत असा नियम नाही, पण पालक ऐकत नाहीत. मग ऑलिम्पियाडच्या शाळेतल्या पहिल्या फेऱ्या, पैसे भरून छापलेले रिसर्च पेपर, १५ दिवसांची एनजीओ. मागे एका मुलाची लिस्ट बघत होते, सगळं चकचकीत, आणि बोलता बोलता म्हणाला की रोज संध्याकाळी दोन तास बाबांच्या किराणा दुकानात बसतो, उधारीची वही त्याने एक्सेलमध्ये आणली. म्हटलं अरे हे कुठेय? म्हणे, ते काय लिहायचं मावशी. अहो, त्या लिस्टमध्ये 'फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज' नावाचा चक्क वेगळा प्रकार आहे! आजीचं डायलिसिस, धाकट्या भावाचा अभ्यास, शेतावरची कामं, सगळं त्यात बसतं. ढोल पथकात पाच वर्षं वाजवत असाल तर तेही टाका, पण नुसतं 'ढोल वाजवतो' नको, नव्या किती पोरांना शिकवलं, सराव कोण घेतं, ते लिहा.

हार्वर्डने २०२४ मध्ये सुरू झालेल्या बॅचसाठी (तिकडे तिला 'क्लास ऑफ २०२८' म्हणतात) ५४,००८ अर्जांतून १,९३७ जणांना घेतलं. मार्क तर त्यातल्या बहुतेकांचे चांगलेच असणार ना. दुकानाची वही लक्षात राहते.

निबंधाचंही तेच. ६५० शब्दांची मर्यादा. मुलीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये आमच्या चाळीतल्या नळाला पाणी यायची वेळ आणि त्यावरून होणारी भांडणं होती, वाचताना मला हसू आवरेना. कन्सल्टंटने तो काढून 'लीडरशिप'वर काहीतरी लिहून दिलं, पैसेही चांगलेच घेतले, आणि ते वाचून माझ्या आईने विचारलं, हे कोणाबद्दल आहे? नळाचाच पाठवला शेवटी. एआयकडून लिहून घेणार असाल तर कॉमन अ‍ॅपच्या नियमांत तेही फ्रॉडमध्येच धरलंय. आणि 'आमचंच कॉलेज का' या छोट्या निबंधात कॉपी-पेस्ट करताना कॉलेजचं नाव बदला रे बाबांनो. नॉर्थवेस्टर्नच्या निबंधात नॉर्थईस्टर्न राहिलेलं मी स्वतः पकडलंय, रात्री साडेअकराला.

अर्लीचा गोंधळ थोडक्यात. अर्ली डिसिजन म्हणजे बांधील, मिळालं तर जायचंच, म्हणून एकाच ठिकाणी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड बांधून घेत नाहीत, पण त्यांच्याकडे अर्ली केलं तर दुसऱ्या प्रायव्हेट अमेरिकन कॉलेजात अर्ली करता येत नाही. म्हणजे हार्वर्ड आणि एमआयटी दोन्ही अर्ली चालत नाही. एमआयटी तर कॉमन अ‍ॅपवरही नाही, त्यांचा फॉर्म वेगळा.

पैशांचा रकाना

'एड हवीये का?' यावर बाबालोक पटकन 'नाही' करतात, चान्स वाढेल म्हणून, आणि नंतर बघू म्हणतात. नंतर बऱ्याच ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला मागताच येत नाही! हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडॉइन अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांचाही निर्णय पैसे न बघता घेतात, तिथे 'नाही' म्हणून काहीच फायदा नाही. बाकी ठिकाणी फरक पडतो, तिथे घरात बसून खरा हिशोब करा, लाजू नका. सीएसएस प्रोफाइल (एडसाठी घरच्या पैशांची माहिती देणारा फॉर्म) भरताना रुपयांत भरायचं, आणि लाखाची शून्यं दोनदा मोजा, एका शून्याने तुम्ही श्रीमंत होता. आजोबांच्या नावावरचं घर आई-बाबांची मालमत्ता म्हणून टाकू नका. शेतीचं उत्पन्न रिटर्नमध्ये नीट दिसत नसेल तर खुलाशाच्या जागेत लिहा.

वेळेचं म्हणाल तर कॉमन अ‍ॅपची डेडलाइन आपल्या इथल्या घड्याळाने रात्री ११:५९, अमेरिकेच्या नाही. सोबत ऑक्सफर्ड-केंब्रिजचा विचार असेल तर ते १५ ऑक्टोबरला, ब्रिटनच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला बंद, आणि एका वर्षी दोन्हीपैकी एकालाच अर्ज करता येतो.

सबमिट केल्यावर पोर्टलवर काही दिवस 'मिसिंग' दिसतंच, कागद पोचले तरी नोंद व्हायला वेळ लागतो. आठवडा-दीड आठवडा थांबून मग मेल करा. शाळेकडून येणारे कागद एक-दोन दिवस उशिरा गेले तर बहुतेक कॉलेजं सांभाळून घेतात, तुमचा स्वतःचा भाग मात्र वेळेतच हवा. आणि रोज स्पॅम फोल्डर उघडा, इंटरव्ह्यूची मेल तिथेच जाऊन बसते.